शब्दाचा अर्थ कोणी लावावयाचा?



लातूर, नांदेड, बीड, परभणी, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांतून निघालेली आपली कितीतरी कुटुंबे आज पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात कारखान्यांच्या पाळ्यांवर जगत आहेत. त्यांपैकी काहींनी अगदी अलीकडे त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आहे. भिंतीवरील जुन्या देवतांच्या तसबिरी उतरल्या आणि तेथे तथागत व बाबासाहेब आले. झाले हे उत्तमच झाले. परंतु त्याच खोलीत, फळीवर किंवा पेटीच्या तळाशी, कागदांची एक पिशवी असते. नेमणुकीचे पत्र, कंत्राटदाराने पुढे केलेला करार, कर्जाचा फॉर्म, इस्पितळातील संमतिपत्र, जातीचा दाखला, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज असे सर्व काही तीत असते. त्यातील पुष्कळसा मजकूर इंग्रजीत आहे आणि त्याखाली आपली सही आहे. तो मजकूर आपण शब्द न शब्द समजून वाचला होता काय, हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी विचारून पाहावे.

अवघड इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ शिकणे हे बौद्ध कुटुंबाचे काम आहे की नाही, हा आजचा प्रश्न आहे. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, हे साहेबलोकांचे उद्योग आहेत. आम्हांस मराठी नीट आली तरी पुरे. उलट आमच्या तरुणांपैकी काहीजण मुलाखतीत छाप पडावी म्हणून मोबाइलवरील चित्रफिती पाहून रोज वीस-वीस भारदस्त शब्द पाठ करतात. महिन्याभरात त्यांतील चार उरतात, आणि त्या चारांचा उपयोग मित्रमंडळीत मिरविण्यापलीकडे होत नाही. आम्हांस हे दोन्ही मार्ग पसंत नाहीत. जे शब्द आपल्यावर सत्ता गाजवीत आहेत ते आधी शिकावेत, हे आमचे म्हणणे आहे. ते शब्द कोणते, हे सांगण्यापूर्वी एका शब्दाने आपल्या समाजाचे काय केले याची हकीकत प्रत्येक नवदीक्षित घराने ऐकली पाहिजे.

तो शब्द आहे 'प्रोफेस'.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा होता की, हिंदूहून निराळा धर्म जो 'प्रोफेस' करतो त्यास अनुसूचित जातीचा मानले जाणार नाही. पुढे १९५६ साली त्या वाक्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी लक्षावधी बांधवांसह धम्मदीक्षा घेतली, आणि त्या परिच्छेदातील तो एक शब्द आपल्या वाटेत आडवा येऊन उभा राहिला.

१९६२ च्या निवडणुकीत नागपूरकडील एका राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांच्याविरुद्ध अर्ज झाला की, यांनी १९५७ साली बौद्ध धर्म स्वीकारला आहे, सबब हे राखीव जागेस पात्र नाहीत. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'प्रोफेस' म्हणजे नेमके काय? मनातल्या मनात श्रद्धा ठेवणे, की विधिपूर्वक दीक्षा घेणे, की आणखी काही? हे ठरविण्यासाठी न्यायमूर्तींनी काय केले असेल, वाचकहो? त्यांनी इंग्रजी शब्दकोश उघडले. वेबस्टरचा पाहिला, ऑक्सफर्डचा पाहिला. कोशात अर्थ निघाला तो उघडपणे जाहीर करण्याचा, चारचौघांत कबूल करण्याचा. न्यायालयाने म्हटले की धर्म ही मनातील श्रद्धेची बाब असली तरी तिचे 'प्रोफेस' करणे म्हणजे ज्यांचा तिच्याशी संबंध आहे त्यांना कळेल अशा रीतीने ती प्रकट करणे होय. मेश्राम यांनी ती प्रकट केली होती. म्हणून ते बौद्ध ठरले. आणि बौद्ध ठरले म्हणून त्यांची निवडणूक रद्द झाली.

या निकालाच्या दोन्ही बाजू नीट पाहा. आपण चारचौघांत, उघड्या मैदानावर, मोठ्या आवाजात जी प्रतिज्ञा केली ती खरी आहे, तिला कोणा पुरोहिताच्या वा मठाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मानले. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, त्याच सचोटीची किंमत म्हणून राखीव हक्क गेला. मनात बौद्ध आणि कागदावर हिंदू असे जो राहिला त्याचे काही गेले नाही. जो उघड बोलला त्याचे गेले. महाराष्ट्र सरकारने १९६० साली आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या खऱ्या, पण केंद्राच्या यादीचे दार बंदच होते. ते उघडण्यास १९९० साल उजाडले. त्या वर्षी संसदेने तिसऱ्या परिच्छेदात 'बौद्ध' हा एक शब्द घातला. एक शब्द गाळलेला होता म्हणून चौतीस वर्षे, म्हणजे एक संपूर्ण पिढी, केंद्राच्या सवलतींपासून दूर राहिली.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो, कारण नवदीक्षित घरांतून हा प्रश्न हटकून विचारला जातो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले की अनुसूचित जातीचा हक्क जातो, ही समजूत केंद्राच्या बाबतीत १९९० पूर्वी खरी होती. आज ती खरी नाही. मूळची अनुसूचित जात आणि आजचा बौद्ध धर्म, ही दोन्ही आज एका दाखल्यावर नांदू शकतात. तेव्हा भीतीपोटी दीक्षा लपवू नका. 'प्रोफेस'चा अर्थ तुम्हांस आता ठाऊक झाला आहे.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात हा शब्द एकटा नाही. 'प्रोफेस', 'प्रॅक्टिस' आणि 'प्रॉपगेट' असे तीन शब्द तेथे शेजारी शेजारी उभे आहेत: धर्म प्रकट करणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे. घाईने वाचणाऱ्यास तिन्ही सारखेच वाटतील. परंतु तिसऱ्या शब्दावरूनही १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल झाला. मध्य प्रदेश व ओरिसा या राज्यांच्या धर्मांतरविषयक कायद्यांच्या त्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा कोश पाहिला आणि ठरविले की, 'प्रॉपगेट' म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून ती पसरविणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. मुळात हा शब्द माळ्याचा आहे. लॅटिन भाषेत तो रोपांच्या कलमांवरून आला. कलम लावावे, पाणी घालावे. रुजणे न रुजणे हे त्या मातीचे काम. धम्मकार्यासाठी वस्त्या-वस्त्यांतून फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांस हा शब्द पाठ असला पाहिजे. आपण धम्म समजावून सांगतो. स्वीकार ज्याचा तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीने करतो. त्याच अनुच्छेदात त्या बुद्धीचे स्वातंत्र्य 'कॉन्शन्स' या शब्दाने सर्वांत आधी सांगितले आहे. हा भेद ज्यास इंग्रजीत सांगता येतो, त्यास चौकीवर कोणी सहज घाबरवू शकत नाही.

आता कारखान्याकडे वळू.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, येथून जवळच देहूरोड येथे बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली; नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. या पट्ट्यात यंत्र आणि धम्म एकाच वर्षी आले, असे म्हणावयास हरकत नाही. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले, मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, आणि पुढे ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. यंत्रावर उभा राहणारा माणूस तोच राहिला, त्याला लावावयाचे शब्द मात्र वाढत गेले.

आज चाकणच्या एखाद्या कारखान्यात एकाच रांगेत चार तरुण एकाच प्रकारचे काम करताना दिसतील. एक 'पर्मनंट', दुसरा 'फिक्स्ड टर्म', तिसरा 'कॉन्ट्रॅक्ट', चौथा 'अप्रेंटिस'. घाम चौघांचा सारखाच. परंतु १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याच्या अठराव्या कलमाने चौथा मुळी कामगारच नव्हे. तो शिकाऊ ठरतो, आणि कामगारांचे कायदे त्यास सामान्यतः लागू होत नाहीत. दुसऱ्यास कायम कामगाराइतकेच वेतन मिळाले पाहिजे असे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता म्हणते. पण मुदत संपून तो घरी गेला तर त्यास कामगारकपात मानावयाचे नाही, असेही तीच म्हणते. तिसऱ्याचा धनी कारखाना नसून कंत्राटदार आहे, असे कागद सांगतो. नेमणुकीच्या पत्रातील एका शब्दाने माणसाचे एवढे सारे ठरून जाते आणि तो शब्द वाचावयाचा सोडून आपण फक्त पगाराचा आकडा पाहतो!

'रिट्रेंचमेंट' हा शब्द घ्या. शिक्षा म्हणून नव्हे, तर इतर कारणाने मालकाने नोकरी संपविणे, हा त्याचा कायद्यातील अर्थ. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा शब्द होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वर सांगितलेल्या संहितेने घेतली, तीतही तो आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगारास अशा वेळी एक महिन्याची सूचना किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. आता दुसरा शब्द पाहा: 'व्हॉलंटरी', म्हणजे स्वखुशीने. एखाद्या सायंकाळी कचेरीत बोलावून कागद पुढे करतात, आणि त्यावर लिहिलेले असते की मी 'व्हॉलंटरिली' राजीनामा देत आहे. सही झाली की ती रिट्रेंचमेंट राहत नाही. आठ वर्षांची भरपाई एका क्रियाविशेषणात बुडते. हिशेबाच्या वेळी 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या पावतीचीही तीच गत. तीवर सही करणे भागच पडले, तर सहीशेजारी 'अंडर प्रोटेस्ट' हे दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. रक्कम घेत आहे, पण तक्रार राखून घेत आहे, असा त्यांचा अर्थ. खटला जिंकलाच असे त्याने होत नाही. परंतु पुढे बोलावयास तोंड राहते.

शब्दांचे काही अर्थ फसवे असतात. शाळेत 'डोमेस्टिक' म्हणजे घरगुती असे शिकविलेले असते. त्यामुळे 'डोमेस्टिक इन्क्वायरी'ची नोटीस हाती पडली की, आपल्या घरातील भानगडींशी कंपनीचा काय संबंध, असा प्रश्न एखाद्यास पडला तर त्यास हसू नये. हे घर कंपनीचे आहे. न्यायालयाबाहेर, कंपनीने आपल्या उंबऱ्याच्या आत चालविलेली ती चौकशी होय. तीत आपली बाजू मांडण्याचा, साक्षीदारांस प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. चौकशी पुरी होईतो 'सस्पेंड' केले म्हणजे काढून टाकले नव्हे, केवळ टांगून ठेवले. आणि टांगलेल्या माणसास 'सबसिस्टन्स अलाउन्स' म्हणजे निर्वाहभत्ता मिळतो. पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन, आणि विलंब कामगाराच्या दोषाने होत नसेल तर पुढे पाऊण. तसाच 'प्रेज्युडिस'. आपल्या वाचकांस तो जातीच्या पूर्वग्रहाच्या अर्थाने ठाऊक आहे. पण वकिलाच्या पत्राच्या माथ्यावर 'विदाउट प्रेज्युडिस' असते तेव्हा, आमच्याविषयी मन निर्मळ ठेवून लिहिले आहे, असे समजून विरघळू नका. या पत्राने आमच्या हक्कांस बाध येत नाही, एवढेच त्यास म्हणावयाचे असते.

मात्र इंग्रजी शब्दांची आपल्या कामगारांनी धास्ती घ्यावी, असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही. सीएनसी यंत्रावर उभा राहणारा आमचा तरुण 'टॉलरन्स' हा शब्द कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक चांगला जाणतो. पंचवीस मिलिमीटरचा दांडा, अधिक-उणे दोन शतांश मिलिमीटर. त्या पलीकडे गेला की माल बाद. टॉलरन्स म्हणजे किती चूक चालवून घ्यावयाची याची मर्यादा, आणि ती मर्यादा दांडा ठरवीत नाही, नकाशा काढणारा ठरवितो. आता तोच तरुण घरी येऊन वर्तमानपत्रात 'रिलिजस टॉलरन्स' असे वाचतो. कोशात त्याचा अर्थ सहिष्णुता असा दिलेला आहे, आणि शब्द मोठा गोड दिसतो. पण यंत्रावरचा अर्थ येथे लावून पाहा! कोणी कोणास चालवून घ्यावयाचे? नकाशा कोणी काढला? आपण दांड्याच्या जागी आहोत की नकाशा काढणाऱ्याच्या? संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात 'टॉलरन्स' नाही, 'इक्वॅलिटी' आहे. समतेच्या हक्कात कोणी कोणास चालवून घेत नाही. हा भेद समजण्यास पदवी लागत नाही. मायक्रोमीटर हाती धरलेला असला तरी पुरे.

बाबासाहेब शब्द किती तोलून घेत याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि तेथे न झालेले भाषण त्यांनी १९३६ साली छापले, तेव्हा शीर्षकात जातीची 'रिफॉर्म' म्हणजे सुधारणा घातली नाही. 'अ‍ॅनायहिलेशन' हा शब्द घातला. त्याच्या पोटात लॅटिन 'निहिल' आहे; निहिल म्हणजे काहीही नाही. शिल्लक शून्य. याच बाबासाहेबांस शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली होती. पुढे परदेशच्या मोठमोठ्या पदव्या मिळविल्यावरही ते पालीचे शब्द जमवीत आणि त्यांचे अर्थ लिहीत बसले. तो पाली कोश आणि ते पाली व्याकरण महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापले आहे. ज्यास शंका असेल त्याने तो खंड उघडून पाहावा. त्यात व्याख्यान नाही, घोषणा नाही. पानामागून पान नुसते शब्द आणि अर्थ.

कायद्यातील शब्द न कळल्याने न्याय हातचा जातो तो कसा, याचे आणखी एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या अब्रूशी संबंधित आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. जातीवरून हेतुपुरस्सर अपमान किंवा दमदाटी केल्याच्या कलमात 'विदिन पब्लिक व्ह्यू' असे तीन शब्द आहेत. सार्वजनिक जागी, असे ते म्हणत नाहीत. लोकांच्या नजरेत, असे म्हणतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जागा खासगी असली तरी बाहेरच्या लोकांस दिसेल अशी असेल, उदाहरणार्थ फाटकापाशी, तर हे कलम लागते. २०२० साली त्याच न्यायालयाने सांगितले की, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना उच्चारलेल्या शब्दांस ते लागत नाही. म्हणजे फिर्याद लिहिताना कोणती शिवी दिली एवढेच सांगून भागत नाही. ती कोठे दिली, कोणी ऐकली, कोण पाहत होते, हेही लिहिले पाहिजे. अपमान सोसलेल्या माणसास त्या क्षणी शिवीच तेवढी आठवते, हे स्वाभाविक आहे. ज्या वस्तीत हे तीन शब्द ठाऊक असलेली एक तरी मुलगी आहे, तेथील फिर्याद पुरी लिहिली जाईल.

शिकावयाचे कसे, याविषयी थोडे. शब्दांच्या तयार याद्या घेऊ नका. घरातील ती पिशवी काढा. त्यातील एक कागद, त्यातील एक वाक्य, त्यातील एक अडलेला शब्द. एका वहीत ते वाक्य जसेच्या तसे उतरून शब्दाखाली रेघ मारा आणि मग कोश पाहा. मोबाइलवरचा कोश चालेल, पण पहिला अर्थ पाहून थांबू नका; 'डोमेस्टिक'चा घोटाळा पहिल्या अर्थावर थांबल्यानेच होतो. नंतर त्या शब्दाचे भाऊबंद शोधा. 'टर्म' या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'टर्मिनस' आहे, म्हणजे शीव, हद्दीचा दगड. शीव म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावे लागले नाही. गावाने त्यांस वेशीबाहेरच ठेवले होते. टर्म म्हणजे नेमलेली हद्द. टर्मिनेट म्हणजे हद्दीशी आणून संपविणे. टर्मिनल म्हणजे गाडीच्या वाटेची शीव. 'टर्म्स अँड कंडिशन्स' म्हणजे ज्या हद्दींत राहून करार करावयाचा त्या. एक मूळ कळले आणि चार शब्द आले, आणि ते पाठ करावे लागले नाहीत. मराठीत प्र, वि, अप, निर् हे उपसर्ग अर्थ फिरवितात, तसेच इंग्रजीत री, इन, प्रो, डिस फिरवितात. हे एकदा ध्यानी आले की लांबलचक शब्दाची भीती निम्मी होते.

सर्वांत उत्तम पाठ्यपुस्तक म्हणजे संविधान. शासनाने काढलेली त्याची मराठी आवृत्ती आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवावी, आणि सायंकाळच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे एक अनुच्छेद दोन्हींत वाचावा. उद्देशिकेपासून आरंभ करावा. वाचणारी मुलगी असो वा मुलगा, अर्थ विचारणारी आई असावी. आमच्या मते हे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षांचे मूल हेच घरचे दुभाषी झालेले असते. बँकेत तेच, इस्पितळात तेच. त्या कोवळ्या जिवावर एवढा भार टाकणे बरे नव्हे, आणि शहाणपणाचेही नव्हे. घरकामास वा कारखान्यात सफाईस जाणाऱ्या उपासिकेने आठवड्यास तीन शब्द जरी घेतले, तरी वर्षाचे दीडशे होतात. नेमणुकीच्या पत्रात येणारे बहुतेक अवघड शब्द याहून अधिक नाहीत.

उच्चाराची लाज बाळगू नये. 'प्रॉपगेट' म्हणावे की 'प्रोपागेट', यावरून हसणाऱ्यास हसू द्यावे; न्यायाधीश अर्थ पाहतो.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. इंग्रजीच्या नादी लागून मराठीस तुच्छ लेखणारा एक नवा वर्ग आपल्यातही निपजू लागला आहे. फ्लॅट घेतला, मुले इंग्रजी शाळेत घातली, की वस्तीतील आजीशी बोलताना त्यांची जीभ अडखळते. हा वर्ग आम्हांस मान्य नाही. जुनी उतरंड मोडून तिच्या जागी भाषेची उतरंड रचावयाची असेल, तर दीक्षा कशासाठी घेतली? बाबासाहेबांनी ग्रंथ इंग्रजीत लिहिले ते जगाशी आणि सरकारशी वाद घालण्यासाठी. परंतु १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आणि पुढे 'जनता' व 'प्रबुद्ध भारत' ही पत्रे मराठीत चालविली, कारण बोलावयाचे होते ते आपल्या माणसांशी. पुण्यात सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मधून शूद्रातिशूद्रांस इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तोही मराठी कवितेतूनच. त्या दोघांस जे साधले ते आपणांस जड जाऊ नये. मागणी मराठीतच करावी. सही मागणारा कागद मात्र त्याच्याच भाषेत वाचता यावा.

हा विचार करून या पाक्षिकाने पुढील अंकापासून शेवटच्या पानावर पाच शब्दांचे सदर सुरू करण्याचे ठरविले आहे. प्रत्येक शब्दाबरोबर तो ज्या प्रकारच्या कागदात येतो त्याचे नाव, मराठी अर्थ आणि कायद्यात त्याचा काही विशेष अर्थ असल्यास तो दिला जाईल. पहिले पाच शब्द 'प्रोबेशन', 'कन्फर्मेशन', 'डिस्क्रिशन', 'लायेबल' आणि 'डीम्ड' हे असतील. पहिल्या चारांसाठी कारखान्यातील बंधूंनी आपापले नेमणुकीचे पत्र आणि पाचव्यासाठी सर्वांनी आपला जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. आपणांस अडलेले शब्द ते ज्या वाक्यात आले त्या वाक्यासह कार्यालयाकडे लिहून पाठवावेत. पाठविताना आपले आणि कंपनीचे नाव झाकावे. शब्द तेवढा स्वच्छ अक्षरात असावा.